उजव्या काठावरचा बाण

लिफ्ट बंद पडली नसती, तर त्या दोघांची गाठ पडलीच नसती. तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर ती चपला काढून बसली होती. खालून एक जण धापा टाकत आला आणि दोन पायऱ्या सोडून टेकला.

“दमलात?”

“आजची नाही… साखरपुडा मोडला तेव्हापासून दमलेय.” बोलून गेली आणि गोरीमोरी झाली. अनोळखी माणसाला असं कुणी सांगतं का! “म्हणजे… काम फार आहे. या आठवड्यापलीकडचं मला काही विचारू नका.”

“नाही विचारत,” तो म्हणाला आणि तिची घरंगळलेली चप्पल वर आणून दिली.

तो ऑफिसातला नवा टेस्टर निघाला. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं हाच त्याचा धंदा, म्हणून सगळ्यांनी त्याचं नाव ‘खुसपट’ ठेवलं. ती कोल्ड स्टोरेजसाठी तापमानाचा ग्राफ बनवत होती. झालेलं तापमान, पुढचं ठरवलेलं तापमान, सगळं ठिपक्यांनी दिसायचं; पण स्क्रीनवर एका वेळी एकच आठवडा मावे. त्याच्या मागे किंवा पुढे काही असेल, तर त्या काठावर छोटासा बाण उमटायचा. इकडे अजून काहीतरी आहे, बघा!

“तुमचा बाण फार लाजरा आहे हो,” खुसपट तिच्या टेबलाशी येऊन म्हणायचा. “दिसतो न दिसतो…”

“चष्मा बदला तुमचा!”

“बदलला. आता तुम्ही हसताना दिसता.”

ती पुन्हा कामात डोकं घालायची, पण तो आला नाही की तिची नजर दाराकडे जायची. त्याबद्दल ती स्वतःवरच चिडायची.

मग कळलं, त्याची दुसऱ्या गावच्या ऑफिसात बदली झालीय. ती नुसतं “बरं” म्हणाली. पुन्हा तेच… कशाला जीव लावायचा? तिला आता रडायचाही कंटाळा आला होता.

त्याच्या शेवटच्या दिवशी उजव्या काठावरचा बाण हटता हटेना. पुढचं तापमान तर तिने भरलंच नव्हतं. चूक शोधून शोधून तिचे डोळे चुरचुरायला लागले. बॅग खांद्याला लावून तो निरोप घ्यायला आला, तेव्हा ती वैतागून म्हणाली,

“लपवूनच टाकते हा बाण. पुढे काही नाही, तरी आहे म्हणतो.”

त्याचा चेहरा उतरला. “लपवण्याआधी… एकदा पुढे सरकवून बघितलंत?”

“कशाला? काही नाहीये, मला माहितेय ना.”

“मी इतकी खुसपटं काढली,” तो हळूच म्हणाला, “पण त्या बाणात चूक नाही.” आणि तो गेला.

तिने ग्राफ सरकवला. पुढचा आठवडा रिकामा. त्याच्या पुढचाही रिकामाच. नाद सोडून द्यावा असं वाटत असतानाच एक एकटा ठिपका दिसला. त्यावर माउस नेताच त्याची टीप उघडली.

‘आठवड्यापलीकडचं विचारू नका म्हणालात, म्हणून इतक्या लांब ठेवलं. हा ठिपका आहे त्या रविवारी मी इकडे येईन. चहा घ्याल? दमलेल्याच या. नाही बोललात तरी चालेल.’

ती उठली ती थेट जिन्याकडे. लिफ्ट सुरू असूनही तो तिसऱ्या मजल्यावर, त्याच पायरीवर बसला होता.

“एवढ्या लांब?” तिने विचारलं.

“जवळ ठेवलं असतं तर… तुम्ही नाहीच म्हणाला असतात.”

“मी सरकवला तो ठिपका.”

“कुठे?”

“येत्या रविवारी,” ती म्हणाली. “बाणाच्या भरवशावर नाही राहायचं मला. आवडतोस तू मला… पण आज खरंच फार दमलेय रे.”

“मग बस ना.”

दोन पायऱ्या न सोडता ती त्याच्या शेजारी टेकली. चपला काढल्या आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं.