मसुरीत नाकारलेला चहा

धुक्यात माणूस दिसेना, आवाज तेवढा आला— "काय गारठा हाय! माणसं हितं राहत्यात तरी कशी?"

मसुरीच्या रस्त्यावर प्रयाग थबकली. एवढ्या लांब, हिमालयात, आपली बोली! प्रयागबाईंचे केस पिकले, तरी तो आवाज अजून त्यांच्या कानात आहे.

साल अठ्ठावन्न. धुक्यातून कुडकुडत पुढे आला तो भवानीनगरचा सोपान. ऊसवाल्यांच्या घरातला, हरिद्वारची यात्रा उरकून चुलत्यांबरोबर मसुरी बघायला आलेला. प्रयाग अंथुर्ण्याची, आत्याबरोबर तशीच आलेली. गावं शेजारशेजारची, पण भेटायला एवढा डोंगर चढावा लागला!

दिवसभर दोन्ही मंडळी बरोबर हिंडली. सोपान बोलताना डोंगराकडे बघायचा आणि प्रयाग डोंगराकडे बघू लागली, की मात्र... द्वारकाआत्या काही दूधखुळ्या नव्हत्या. आडनाव, देवक, मामाचं गाव, सगळं काढून घेऊन त्यांनी चुलत्यांपाशी गोष्ट काढली. पोराच्या कानावर घालतो, सकाळी चहाला पाठवतो, असं चुलते म्हणाले. चहाला पाठवलं, कानावर घालायचं राहूनच गेलं.

सकाळी धर्मशाळेत प्रयागने आलं ठेचून चहा केला. मुलीच्या हातचा चहा घेतला तर पसंती, न घेता उठला तर नकार, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. सोपानने वाफेकडे एकदा आशेने बघितलं आणि कप मागे सरकवला. "नको," म्हणाला आणि उठला.

प्रयागने भरलेला कप तसाच उचलून आत नेला. आत्या तर लगेच बांधाबांधीला लागल्या. दुपारी मोटार होती, आणि घरी बारामतीचं एक स्थळ होकारासाठी थांबलेलं. तिला राहवेना. तिने सोपानला कठड्यापाशी गाठलं.

"पसंत न्हवतं तर तसं सांगायचं. केलेला चहा कशाला परतवला?"

"पसंत...?" सोपानच्या डोक्यात उजेड पडला, तसा तो कानापर्यंत लाल झाला. "अवो, हरिद्वारला आवडीचं सोडायचं म्हणून म्या चहा सोडला. फुडं असला गारठा हाय, कुणाला ठावं?"

प्रयागला हसू आवरेना.

"तुमी काय सोडलं?" त्याने विचारलं.

"कारलं."

"आवडतं?"

"न्हाय."

दोघंही हसले. मग सोपान कठड्यावरून बोट फिरवत हळूच म्हणाला, "तुमी हरिद्वारच्या आदी भेटला न्हाय, त्ये बरं झालं."

"का वो?"

"आवडीचं सोडा म्हणल्यावर... लई पंचाईत झाली असती."

प्रयागने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "आत्या आवरत्यात. त्यास्नी इचारा जावा."

"आन् तुमाला?"

"माझं मी कवाच इचारून बसले."

तो धर्मशाळेकडे अक्षरशः पळत सुटला. मसुरीला जाऊनही धुक्यापायी प्रयागला बर्फाचे डोंगर काही दिसले नाहीत. पण सोपानची ती पाठमोरी धावपळ तिला जन्मभर पुरली.