कापलेली उडी

"भीती वाटत असेल तर आत्ताच खाली जा," काका म्हणाले. गच्चीवरून कुणीच हललं नाही. "मग ऐका. आपल्या गल्लीतल्या घड्याळवाल्याकडे घडलेलं. त्याच्या बायकोनंच मला सांगितलंय."

डिसेंबरातला शेवटचा शनिवार. फिल्म जोडायच्या सोल्युशनची बाटली नवरा दुकानात विसरला होता. बाळाला कडेवर घेऊन बायकोच ती जाऊन आणली. बंद पडलेल्या टॉकीजची जुनी रिळं त्यानं भंगारातून उचलली होती. सगळे कृष्णधवल साहसपट, कुणी नाव न ऐकलेले. रात्री भिंतीवर चादर बांधायची, सिनेमाचं मशीन लावायचं आणि बघत बसायचं. त्यात एक घोड्यावरची बाई. हातात चाबूक.

"काय एवढं आहे हो तिच्यात?"

"अगं, खरीखुरी उडी मारते ती. खाली जाळी नाही, काही नाही. आणि आज तिचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही. मी नाही बघितलं तर कोण बघणार?"

"नाव असतं तर निदान नाव घेऊन भांडले असते."

तो हसला. तिच्याकडे न बघताच.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाळ पहिल्यांदा रांगलं तेव्हाही हा माणूस असा डोळे विस्फारून बघत नव्हता! तो जेवायला बसल्यावर तिनं ब्लेड घेतलं. फिल्म खरवडून, सोल्युशन लावून जोडायचं काम तीच तर करायची. बाई कड्यावरून उडी मारते आणि खाली घोड्यावर येऊन बसते. तो बसण्याचा तुकडा तिनं कापला, मोरीत जाळला आणि पुढचं जोडून टाकलं. मर म्हणावं एकदाची.

पावणेबाराला रीळ लागलं. बाई धावत आली. उडी मारली...

चादरीवर नुसतं जंगल. घोडा रिकामाच पळत होता.

"अगं, ही गेली कुठे?"

ती चादरीकडेच बघत राहिली.

छपरावर धप्पकन आवाज.

त्यानं मशीन बंद केलं. अंधार.

पावलं... छपरावरून जिन्यात. जिन्यातून... आतल्या खोलीकडे.

तिथे बाळ.

ती धावली. दार आतून बंद. आत पाळणा हलल्याचा आवाज. कुरकुर... कुरकुर... आणि बाळ हसत होतं. खदखदून. आईपाशी ते असं कधीच हसलं नव्हतं.

"उघड गं... बाई, माझं लेकरू दे..."

हसणं थांबलं.

काकाही थांबले.

"मग?" कुणीतरी हळूच विचारलं.

"मग दार आपोआप उघडलं. आत कुणी नाही. बाळ सुखरूप, गाढ झोपलेलं. अंगावर लाल दुपटं, चारी बाजूंनी नीट खोचलेलं. फक्त छातीपाशी... तेवढ्याच जागी लाल रंग नव्हता. राखाडी. मी पाहिलंय ते दुपटं. पाच बोटं आहेत त्यावर. लांब."