निखारे बाहेर कोण ठेवतं?

खोटं वाटलं तर वाटू दे. तय्यबमामाने हे मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, आणि मामा थाप मारायला लागला की त्याचे कान लाल होतात. त्या दिवशी नव्हते झाले.

जागा अफ्लू, वाळवंटाच्या कडेला डोंगरावरचं आमचं गाव. वेळ जानेवारीतली पहाट, अजान व्हायच्या जरा आधीची.

मामाचं गॅरेज बंद होतं. आत धाकट्या मामाची, मबरूकची, जुनी पेट्रोल पिकअप उभी होती.

मबरूकमामाचा मेंढ्यांचा धंदा. थंडीआधी कळप खाली वाळवंटात उतरवायचे, उन्हाळ्यात वर आणायचे. त्या वर्षी कळप खाली सोडून तो डिसेंबरात घरी आला आणि गाडी घेऊन थेट थोरल्या भावाकडे गेला.

"दादा, गार असताना ही फटाके फोडते. चढाला तर जीवच नाही."

"तुझ्यात तरी कुठे आहे?" मामा म्हणाला.

"मस्करी नको. एकदा गार असताना बघ ना."

मामाने आमच्याकडे थंडीत सगळे करतात तेच केलं. इंजिनाखाली शेगडीभर निखारे सरकवले, अर्ध्या तासाने चावी फिरवली. गाडी गरीब गाईसारखी चालू झाली.

"पेट्रोल भिकार भरलंयस. जा घरी."

चार दिवसांनी बर्फ पडलं. मबरूकमामा पहाटे घाटातून निघाला होता. गाडी चढावर बंद पडली. तो पायी निघाला...

दुपारी सापडला. गोठून गेला होता.

लोक म्हणाले, अल्लाची मर्जी. हद्दामामी, त्याची बायको, तिने एकच विचारलं.

"भाऊजी, गाडीत बिघाड काय होता?"

"बघतो," मामा म्हणाला. त्या एका शब्दावर त्याची झोप गेली. चूक आपली होती का, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

रोज पहाटे तो इंजिनाखाली निखारे ठेवायचा, नमाज पढून यायचा आणि शोधायला बसायचा. प्लग झाले. पॉइंट झाले. टायमिंग, व्हॉल्व्ह, टाकीचा तळ... सगळं ठणठणीत. चोकची मूठ सीटवरून ओढून पाहिली, तीही हलत होती.

मग एका पहाटे तो मशिदीतून परतला, आणि...

शेगडी बाहेर बर्फात होती.

निखारे लाल. भोवतालचं बर्फ कोरं. पावलं फक्त मामाची.

कुणा टवाळाचं काम, असं म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी शटरला कुलूप घातलं. चावी खिशात ठेवली.

परतला तेव्हा कुलूप जागच्या जागी होतं...

शेगडी बाहेर.

तिसऱ्या पहाटे तो गेलाच नाही. गाडीशेजारी डबा पालथा घालून बसला. वारा नव्हता. तरी निखारे विझत गेले. एक... मग दुसरा... मग सगळे.

अंधारात ओल्या लोकरीचा वास आला. पावसात भिजलेल्या मेंढीसारखा.

"मबरूक?"

गाडीच्या पलीकडे कुणाचे तरी दात थंडीने वाजत होते.

तेव्हा मामाला उमगलं. ऊब दिली की रोग लपत होता. तो बिचारा गार इंजिन दाखवत होता, आणि हा शहाणा रोज शेक देत होता.

त्याने तसंच गार इंजिन फिरवलं.

फट्. फट्. कार्बोरेटरने जाळ थुंकला. इंजिनाने आचका दिला आणि बंद.

मामाने वरचं हवेचं झाकण काढलं. मूठ ओढली की चोकची झडप मिटायला हवी, म्हणजे गार इंजिनात हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. ती सताड उघडी होती, तारेने बांधलेली. दोन पीळ आणि टोक आत मुडपलेलं. अफ्लूत अशी तार एकच माणूस बांधतो.

तय्यबमामा.

ऑक्टोबरात कळप उतरवताना तो सोबत गेला होता. खाली उन्हात झडप अडकायला लागली, म्हणून त्यानेच बांधली होती. खाली सगळे तसंच करतात. "वर गेल्यावर सोडतो रे," असं म्हणाला होता. आणि विसरला.

मामा तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडला.

उजाडल्यावर तो हद्दामामीकडे गेला. ती कणीक मळत होती.

"हद्दा, बिघाड माझ्या हातचा होता. मी तार बांधली, मीच सोडायला विसरलो."

तिचे हात थांबले नाहीत.

"माहीत आहे, भाऊजी."

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. परवा पहाटे." ती पिठाकडेच बघत होती. "म्हणाले, तू काही बोलू नकोस. दादा आपणहून येऊन सांगेल."

मामाने विचारलं, "माझ्यावर रागावलाय का गं तो?"

"नाही," हद्दामामी म्हणाली. "त्यांना फक्त गार वाटतंय."

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. हिवाळाभर मामा अजूनही मबरूकमामासाठी घराचं दार उघडं ठेवून झोपतो. बायको कुरकुर करते, पण उठून लावत नाही. मी मात्र थंडीत तिकडे मुक्कामाला जात नाही.