दिवेलागणीचा प्लग

देवापाशी दिवा ठेवून वळले, तर खिडकीच्या गजांपलीकडे एक भिजलेला चेहरा!

"अहो ताई... म्हणजे, मॅडम... एक प्लग मिळेल का?"

भाद्रपदातली भुरभुर चालू होती. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर मी आणि बाबा, दोघंच. अर्धांगवायूनं बाबा अंथरुणाला खिळलेले. त्यांचं अडखळतं बोलणं फक्त मलाच समजायचं. आणि हा तिसऱ्या मजल्यावरचा नवा भाडेकरू. अभिनव. वर्ध्याचा, नोकरी हिंजवडीत.

"मोबाईलसाठी?" मी विचारलं.

"नाही... गाडीसाठी." त्यानं जाड वायरचं वेटोळं दाखवलं. त्याची विजेवरची गाडी आमच्या खिडकीखालीच मान टाकून उभी होती. "साधा पंधरा अँपिअरचा पॉइंट चालतो, गीझरचा असतो ना, तसला. वरून वायर पुरत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड तापतो. बिल मी भरीन."

आई गेल्यापासून माझं एक व्रत आहे – दिवेलागणीला दारी आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही. गूळखोबरं, ताक, निदान फुलपात्रभर पाणी तरी द्यायचं. कुणी प्लग मागेल असं व्रत घेताना वाटलं नव्हतं.

"या," मी म्हटलं.

बाबांच्या कॉटशेजारी कूलरसाठी काढलेला पॉइंट होता. गजांतून वायर आत आली, तिच्यावरच्या डबीत हिरवा दिवा लुकलुकला.

"हा लाल झाला तर अर्थिंग बिघडलं समजा. आणि मधूनमधून प्लगला हात लावा... असा, उलटा. ताप बघतो तसा."

"किती वेळ लागेल?"

"भिंतीतल्या पॉइंटवर? रात्रभर. हळूहळूच भरते."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग रोजच. शेजारचे नागोराव एकदा गॅलरीतून म्हणाले, "काय हो, गाडी घेतलीत की आजारी नातेवाईक? रोज सलाइन लावावं लागतं ते?" तो मोकळेपणानं हसला. मीही पदराआड हसले.

"तुमचं नाव काय?" एकदा त्यानं विचारलं.

"द्वारका."

"इतकं जुनं?"

"आजीचं आहे. वापरून टिकलेलं."

कधी खिडकीतूनच हाक यायची. "काय करून राहिल्या?"

"राहिले कुठे? झालंसुद्धा. पुण्यात काम करतात आणि मोकळे होतात."

"आमच्याकडे सगळंच करून *राहतात*," तो वायर सोडवत म्हणायचा. "राहायला आवडतं आम्हाला."

एका संध्याकाळी बाबा काहीतरी पुटपुटले. "काय म्हणतात?" त्यानं विचारलं.

बाबा म्हणाले होते, 'गाडी जेवते, मालक उपाशी जातो. थांबव त्याला.'

मी म्हटलं, "जिना ओला आहे, सांभाळून जा म्हणतात."

बाबांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मला वात सारखी करायला देवघरात जावं लागलं. तो मागोमाग उंबऱ्यापर्यंत आला.

"हा प्लग... तुम्ही व्रत म्हणून देता, ना? नागोराव म्हणत होते."

"हो."

"फक्त व्रत म्हणून?"

वात सरळ होती. तरी मी ती पुन्हा सारखी केली...

पहाटे स्नान झालं की देवाच्या आधी मी त्या प्लगला हाताची मागची बाजू लावून बघू लागले. प्लग कोमट असायचा. देवा, क्षमा कर, पण त्या कोमटपणावर माझा सगळा दिवस जायचा.

मार्गशीर्षात तो एकदा भर दुपारी आला. हातात वायर नव्हती.

"आज सुट्टी?"

"नाही. मुद्दाम आलो." तो उंबऱ्याबाहेरच थांबला. "बंगळूरला बोलावलंय. नव्या बॅटऱ्या बनवतात तिथे... कॉलेजपासून मनात होतं ते काम." मग एकदम म्हणाला, "द्वारका, मी राहू का? आज 'करून' वगैरे काही जोडत नाही. नुसतं... राहू का?"

आत बाबांचा श्वास घरघरत होता. मी अंगणातल्या उन्हाकडे बघत राहिले.

"दुपारी का आलात?"

"दिवेलागणीला विचारलं असतं, तर तुम्हाला नाही म्हणता आलं नसतं. व्रताचा होकार नको होता मला. तुमचा हवा होता."

असा भला माणूस! त्याला कसं सांगू, की व्रताचाच होकार मला देता आला असता? स्वतःसाठी काही मागायची सवयच नव्हती मला.

"तुमची गाडी रात्रभर भरते," मी म्हटलं, "आणि सकाळी निघते. या घराची सकाळ कधी होईल, देवालाच ठाऊक. तोवर तुम्हाला असं भिंतीला लावून ठेवू?"

"मी थांबेन."

"थांबाल, माहीत आहे. म्हणूनच... जा."

आमच्याकडे निघणाऱ्याला कुणी 'जा' म्हणत नाही, 'या' म्हणतात. मी 'जा' म्हटलं. तो मान हलवून जिन्याकडे वळला.

त्यानंतर तो प्लग मागायला आला नाही. जायच्या दिवशी गाडी खिडकीखाली उभी होती, मागच्या सीटवर सामान. समोरच्या गच्चीवर ऊन अजून रेंगाळत होतं. तो मुद्दाम दिवेलागणीच्या आत निघत होता... मला पेचात टाकायचं नाही म्हणून.

त्यानं खिडकीकडे पाहिलं.

मला काय झालं कोण जाणे. मी देवघराकडे धावले. आयुष्यात पहिल्यांदा मी उन्हात दिवा लावला. एक काडी मोडली, दुसरी विझली, तिसरी पेटली. दिवा लागला की दिवेलागण झालीच, नाही का? मग दारात असेल त्याला परत कसं पाठवायचं?

दिवा हातात घेऊन वळले...

विजेची गाडी. निघताना आवाज करत नाही. खिडकीखालची जागा रिकामी होती.

कॉटवरून बाबांनी विचारलं, "गेला?"

मी त्या पॉइंटला उलटा हात लावून पाहिला. भिंत गार होती.

व्रत अजून चालू आहे. दिवेलागणीला मी खिडकी उघडी ठेवते. एक 'या' म्हणायचं, तेवढं राहून गेलंय.