एकोणीस नंबरच्या मागे

धाकटी उशिरा पोचली म्हणून तिला सत्तावीस नंबर मिळाला, आणि सत्तावीस नंबर मिळाला म्हणून पुढचं सगळं घडलं. वेळेवर पोचली असती तर ती पहिल्या रांगेत हवालदारकाकांच्या नाकासमोर उभी राहिली असती, चार गोष्टी नीट शिकली असती आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

नंबर म्हणजे गाडी लावायच्या जागेचा नंबर. बाजारावरच्या पार्किंगचा सगळ्यात वरचा मजला सकाळी सहा ते सात रिकामा असायचा. तिथे हवालदारकाका चीगोंग शिकवत. श्वासाच्या चालीनं हळूहळू हातपाय हलवायचे, मन त्यातच ठेवायचं, म्हणजे अंगात अडून बसलेली शक्ती मोकळी होते, असं त्यांचं म्हणणं. तीस वर्षं चौकात गाड्या अडवता अडवता धुरानं छाती धरली, तेव्हा त्यांनी हे स्वतःसाठी शिकून घेतलं होतं. आता लोकांना शिकवत. फरशीवर पिवळ्या रंगाच्या चौकटी होत्या, आठ-आठच्या रांगांत. एका चौकटीत एक माणूस. नावं लक्षात ठेवायच्या फंदात काका पडत नसत. जो ज्या चौकटीत, तो त्या नंबरचा.

धाकटीला तिथे आणलं होतं तिच्या उजव्या खांद्यानं. ती ताईच्या सलूनमध्ये केस कापायची, दारापासून दुसऱ्या खुर्चीवर. दोन महिन्यांपूर्वी खांदा आखडायला लागला आणि आता हात खांद्याच्या रेषेला आला की अडायचा. गिऱ्हाइकाच्या कानापर्यंत कात्री चालायची, टाळूवर नाही. "अर्धं डोकं कापून मिळेल, अशी पाटी लावा," असं भाऊजी म्हणाले आणि ताईकडून बोलणी खाऊन बसले. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, घाई करू नका म्हणाले. घाई ताईला होती. ताई मायेची होती, पण दुकान मायेवर चालत नाही. एक तारखेला नवी मुलगी येणार होती. तोवर हात वर गेला तर दुसरी खुर्ची धाकटीची. नाही तर धाकटीनं फोन घ्यायचे आणि टॉवेलांच्या घड्या घालायच्या. बारा वर्षं कात्री चालवलेल्या बाईला टॉवेलांच्या घड्या म्हणजे काय, ते ज्याचं त्याला कळेल.

तर सत्तावीसच्या बरोबर पुढे एकोणीस. काका लांब, त्यांचा नुसता आवाज यायचा. दिसायची ती एकोणीस नंबरची पाठ. उंच माणूस, जरासं पोक, आणि मानेवरचे केस कुणी कापले होते देव जाणे… कात्रीनं की दातांनी, अशी शंका यावी इतके वरखाली.

पहिला प्रकार आकाश पेलायचा. दोन्ही तळवे वर करून हात उंच न्यायचे. धाकटीनं हात एका झटक्यात उचलला, कळ मस्तकात गेली आणि तिनं डोळे मिटून घेतले. मग धनुष्य ताणायचं झालं, मग आणखी एक झालं, आणि चौथा प्रकार आला, घुबडाचा. पाय न हलवता मान डावीकडे वळवायची आणि खांद्यावरून मागे बघायचं. सव्वीस माणसांनी माना वळवल्या. धाकटी मात्र सरळ पुढे बघत राहिली. ती नक्कल करत होती, आणि नक्कल करायची तर बघावं लागतं. त्यामुळे एकोणीस नंबर मागे वळला तेव्हा आपला दुखरा खांदा डाव्या हातानं धरून उभी असलेली एक मुलगी त्याच्याकडे टक लावून बघताना त्याला दिसली. त्याची मान अर्ध्यावरच अडली होती. डोळे तेवढे पूर्ण वळले.

वर्ग सुटल्यावर उताराच्या रस्त्यानं सगळे खाली निघाले, तेव्हा तो तिच्या बरोबरीनं चालू लागला.

"घुबडानं मागे बघायचं असतं," तो म्हणाला.

"मागे भिंत आहे."

"आणि पुढे?"

"पुढेही भिंतच," धाकटी म्हणाली, "फक्त जरा उंच."

तो हसला, आणि धाकटीला उगाचच वाटलं की आपण लवकर उठायला हरकत नाही. पण दुसऱ्या दिवशी लवकर येऊनही ती सत्तावीस नंबरमध्येच जाऊन उभी राहिली. पहिल्या रांगेत चार जागा रिकाम्या होत्या. काकांनी ते पाहिलं आणि चौकात उभ्या राहिलेल्या माणसाच्या शहाणपणानं नजर दुसरीकडे वळवली.

त्या दिवशी तिच्या लक्षात आलं की एकोणीस नंबरचाही उजवा हात वर जात नाही. कानाच्या पाळीपर्यंत यायचा आणि थांबायचा. बिचारा, तिला वाटलं, समदुःखी आहे. काका लांबून ओरडायचे, "एकोणीस, आकाश पेलायचंय, टोपी नाही." त्याचा हात जिथल्या तिथे.

धाकटीचं मन एकदा कळवळलं की आवरत नाही. तिनं त्याला झोपताना उशी कुठे घ्यायची ते सांगितलं, ओझं कोणत्या हातानं उचलू नये ते सांगितलं, आणि आठवड्यानं आपली गरम पाण्याची पिशवीच आणून दिली. त्यानं ती दोन्ही हातांत धरली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं… आणि मग पाणी किती गरम असावं, एवढंच अत्यंत गंभीरपणे विचारलं.

असे दिवस गेले. तिचा हात वर सरकत होता. कसा, ते तिचं तिलाही कळत नव्हतं. पहिल्या दिवसासारखा झटका ती आता देत नव्हती. पुढच्या पाठीकडे बघायचं, तो हात जाईल तिथवर आपला न्यायचा, तो थांबला की थांबायचं. "हाताशी भांडू नका, त्याला सोबत द्या," असं काका सांगायचे. ते ती पाळत होती, फक्त सोबत नेमकी कुणाची, याचा विचार करत नव्हती.

एकदा तळहातांत चेंडू धरल्यासारखं दहा मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं, तेव्हा भलतंच झालं. उतरताना तिनं त्याला सांगितलं.

"हसू नका. तळहात गरम झाले, आणि मग मला वाटलं की मी नाहीच. नुसता श्वास चाललाय… आणि सगळं ठीक आहे. इतकं ठीक मला कधीच वाटलं नव्हतं."

तो हसला नाही. "मग?"

"मग घाबरून डोळे उघडले."

"काय दिसलं?"

"तुमचे केस. लगेच जमिनीवर आले."

आता तो हसला, इतका की वर चढणाऱ्या पहिल्या गाडीला त्याच्यासाठी थांबावं लागलं. त्या दिवशी धाकटीनं सलूनमध्ये तिघांच्या केसांना एकच शांपू दोनदा लावला, आणि पाणी कुठेतरी मुरतंय हे ताईच्या ध्यानात आलं.

महिना संपायला चार दिवस उरले असताना ताईनं तिला वाचनालयात मासिकं परत करायला पाठवलं. आत सगळी टेबलं चादरींनी झाकलेली, मधोमध उंच शिडीची घोडी, आणि घोडीवर एकोणीस नंबर. तो रंगारी होता, छतं रंगवायचा, हे त्यानं सांगितलं होतं. खांदा दुखत असताना कसा रंगवतो, हे विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं. त्याचा उजवा हात डोक्याच्या वर सरळ ताठ होता, ब्रश छतावरून सपासप फिरत होता आणि स्वारी शीळ घालत होती.

धाकटी खाली उभी राहून बघत राहिली.

"बरा झाला वाटतं खांदा?" ती शेवटी म्हणाली.

शीळ थांबली. तो दोन पायऱ्या खाली आला. "तो… बिघडलाच नव्हता. ऐका, मी सांगणारच—"

पुढचं ऐकायला ती तिथे नव्हती. मासिकं टेबलावर आदळून ती निघाली होती. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं आपण महिनाभर करत होतो आणि हा माणूस मनातल्या मनात हसत होता, एवढंच तिच्या डोक्यात होतं. वाईट याचं वाटत होतं की ती त्याच्या प्रेमात पडली होती आणि हे तिला रस्ता ओलांडताना, नेमकं रागाच्या भरात कळलं.

दोन दिवस ती गेली नाही. ताईला सगळं सांगून झालं. ताई म्हणाली की पुरुष जात अशीच, भाऊजी म्हणाले की सरसकट बोलू नये, आणि त्यावर त्या दोघांचंच जुंपलं.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, दोनच बोटं कापा. धाकटीनं बटेला दोन बोटं लावली, आणि तिथेच थांबली. ती आयुष्यभर बोटांनीच मोजत आली होती. डोळ्यांनीही बोटंच मोजायची. आणि आता तिला दिसायला लागलं. पहिल्या आठवड्यात त्याचा हात कानाच्या पाळीशी. मग बोटभर वर. मग दोन बोटं. मग कानाच्या टोकाला. ढोंगी माणूस एकदा जागा ठरवतो आणि रोज तिथेच हात अडवतो. याचा हात रोज तिच्या हातापेक्षा एकच बोट वर असायचा. कधी दोन नाही. काकांची बोलणी खात, सव्वीस माणसांसमोर, रोज.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," धाकटी म्हणाली, "माझं मोजायचं राहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी, तीस तारखेला, ती पहाटे पार्किंगवर गेली ती थेट अकरा नंबरच्या आजींकडे. आजींना तिनं सत्तावीस नंबर देऊ केला. मागे उन्हं लवकर येतात हे ऐकून आजी आनंदानं गेल्या. आता ती त्याच्या पुढे होती. त्यानं पाठीमागून काहीतरी पुटपुटलं. तिनं वळून बघितलं नाही. डोळे मिटले.

बघायला कुणाची पाठ नव्हती. नुसता श्वास होता, येणारा, जाणारा. तिनं तळवे वर केले आणि हातांना त्यांच्या वाटेनं जाऊ दिलं. कानाची पाळी, कानाचं टोक. तिथे हात थांबला, आणि तिनं त्याला ढकललं नाही, रागावली नाही, नुसती वाट बघितली. महिनाभर ती खांद्याला बिघडलेली वस्तू समजत होती. तो घाबरलेला होता, बस. हे कळलं तसं तिच्या छातीत काहीतरी सैल झालं, खांद्यात बारीकसा कट् झाला, आणि हात वर गेला. डोळे उघडले तेव्हा तिच्या दोन्ही तळव्यांच्या वर फक्त आकाश होतं.

काका क्षणभर मोजायचे विसरले. मग म्हणाले, "अकरा, छान. आणि एकोणीस… रडतोयस का तू?"

"घाम आहे, काका."

"सकाळी सहाला?"

वर्ग सुटल्यावर तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि मानेवरचे केस चाचपू लागला. धाकटीनं त्याची सुटका केली. उद्या दहाला ताईच्या सलूनमध्ये या, म्हणाली, हे केस मला आता बघवत नाहीत.

एकतीस तारखेला दहा वाजता तो दुसऱ्या खुर्चीत बसला. ताई हाताची घडी घालून मागे उभी. एवढ्या उंच माणसासाठी खुर्ची खाली घ्यायला हवी होती, पण ताईनं खटक्यावर पाय ठेवून ती वरच राहू दिली. टाळू धाकटीच्या भुवईच्या वर होती. तिनं कंगवा उचलला, कात्री उचलली, श्वास घेतला आणि हात वर नेला. पहिली बट खाली पडली. मग दुसरी. ताई टॉवेलांकडे वळली.

"सांगितलं का नाहीत?" धाकटीनं हळूच विचारलं.

"पहिल्या दिवशी तुम्ही खांदा धरून उभ्या होतात. तुम्ही माझंच बघून सगळं करता हे कळलं. म्हटलं, मी जेवढा वर नेईन तेवढा या नेणार आणि खांदा मोडून घेणार. उतरताना तुम्ही हात कुठवर गेला ते सांगायचात, दुसऱ्या दिवशी मी तिथून बोटभरच वर न्यायचो."

"आणि पिशवी का घेतलीत?"

"तुम्ही देत होतात म्हणून."

कात्री जरा थांबली, मग पुन्हा चालू लागली.

"मी मानेसाठी यायचो," तो म्हणाला. "छताकडे बघून बघून डावीकडे वळायचीच बंद झाली होती. घुबडाच्या वेळी अर्धीच वळायची, आणि तुम्ही अर्ध्याच दिसायचात. मग मी घरी सराव करायला लागलो." त्यानं आरशात तिच्याकडे पाहिलं. "आता तुमचा हात बरा आहे. माझी मानही बरीच वळते. पुढे… काय?"

धाकटी टाळूवरची शेवटची बट धरून होती. "पुढच्या महिन्यात केस वाढले की या."

"महिन्यानं," तो म्हणाला. आवाज पार खाली गेला होता.

"गिऱ्हाइकांना आम्ही तसं सांगतो. तुम्हाला सांगायचं तर, मला महिनाभर थांबवणार नाही. मला तुम्ही आवडता. फार. हलू नका, कात्री कानाजवळ आहे."

तो हलला. मान डावीकडे अशी सरळ वळली की ती कधी अडत होती असं कुणी म्हटलं नसतं, आणि कानावरची मूठभर बट कात्रीत आली. दोघांनी जमिनीवर पडलेल्या केसांकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. त्याला हसू आवरेना, तिलाही.

ताई आली. तिनं कानावरचं भगदाड पाहिलं, मग धाकटीकडे पाहिलं.

"खुर्ची तुझी," ती म्हणाली. "नवी मुलगी तिसरीवर बसेल. पण हे डोकं नीट करून दे, आणि मग वाटेल तितका वेळ दोघं बाहेर जा. असं अर्धवट पाठवलंस तर माझं दुकान बसेल."

धाकटी हो म्हणाली. तिचा उजवा हात कात्रीसकट अजून वरच होता. खाली घ्यायचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं.