एकही पिवळा नाही

ताईने नळीवरची चकती खाली सरकवली. रक्त नळीतच थांबलं.

"ही पिशवी चिमणीला चढणार नाही."

नर्सने कपाळावर हात मारला. "अगं, पोर पांढरीफटक पडलीय! खेळ वाटतो का तुला?"

चिमणी, ताईची धाकटी बहीण, खाटेवर उशीला टेकून बसली होती. दोघींना जन्मापासून एकच दुखणं. अंगात रक्त टिकायचं नाही, सतत बाहेरून घ्यावं लागायचं. गेल्या आठवड्यात ताईच्या रक्तात हेपॅटायटिस सी सापडला होता. त्याआधी याच खोलीतल्या दोन मुलांच्या. चिमणी अजून सुटलेली होती.

"घरीच कुठेतरी लागण झाली असणार," असं रुग्णालयाने तिन्ही घरांना सुनावलं होतं.

"मला रक्तपेढी बघायचीय," ताई म्हणाली. "त्याशिवाय ही चकती वर जाणार नाही."

रक्तपेढीच्या प्रमुखांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत. ते हसतच सामोरे आले.

"ये बाळ. मनात शंका कशाला ठेवायची?" त्यांनी एक पारदर्शक प्लेट उजेडात धरली. तिच्यावर बारीक खळग्यांच्या रांगा होत्या. "प्रत्येक खळग्यात एकेका पिशवीचं रक्त तपासतो. जंतुसंसर्ग असेल तर खळगा पिवळा होतो. आजची प्लेट बघ. आहे कुठे एकही पिवळा?"

एकही नव्हता. सगळे काचेसारखे लख्ख.

"तपासण्या कोण लावतं?"

"तपासणीत प्लेट धुणारं यंत्र बिघडल्यापासून मीच, हाताने. कुणावर सोडत नाही."

"आणि हे काका?" तिने कोपऱ्यातल्या चष्मेवाल्या तंत्रज्ञाकडे बोट दाखवलं.

"मी फक्त रक्तगट जुळवतो," तो चाचरला. "तपासणीची लाल बुचाची कुपीसुद्धा सरांच्याच कप्प्यात असते. किल्ली त्यांच्याकडे."

"लाल बुचाची कशाला लागते?"

"झालं का समाधान?" डॉक्टरांनी मध्येच घड्याळ बघितलं. "बहीण तिकडे ताटकळतेय."

"तिच्यासाठीच विचारतेय. कप्पा उघडा."

"तू मला हुकूम सोडणार?"

"हो. नाहीतर बाकीच्या मुलांच्या आयांना इथेच बोलावते. त्या हळू बोलत नाहीत."

सोबत आलेली नर्स तोंडाला पदर लावून हसली. डॉक्टरांनी चरफडत किल्ली फिरवली. आत लाल बुचांच्या कुप्या ओळीने उभ्या होत्या. एकीचंही सील तुटलेलं नव्हतं.

ताईने एक उचलली.

"डॉक्टर, मघाशी मुद्दाम विचारलं. मी जीवरसायनशास्त्र शिकलेय. या कुपीत मुद्दाम बाधित नमुना असतो. प्रत्येक प्लेटच्या एका खळग्यात तो घालावाच लागतो आणि तो खळगा पिवळा व्हावाच लागतो. तरच तपासणी नीट झाली म्हणायची. तुमच्या प्लेटवर एकही पिवळा नाही म्हणून रक्त स्वच्छ ठरत नाही. तपासणी झालीच नाही, एवढंच ठरतं. ही प्लेट कोरी आहे."

डॉक्टरांनी तंत्रज्ञाकडे बोट केलं. "याने हलगर्जीपणा केला असेल..."

"आत्ताच म्हणालात, कुणावर सोडत नाही. आणि किल्ली तुमच्या खिशात."

तंत्रज्ञाने चष्मा काढला. "सर, रोज मी तुमच्या शब्दावर पिशव्या सोडत होतो!"

"यंत्र बंद म्हटल्यावर पेढीला टाळं लागलं असतं!" डॉक्टर ओरडले. "तुम्हीच रक्तावाचून तडफडला असतात. तुमच्यासाठीच केलं मी!"

"आमच्या नावावर खपवू नका. टाळं लावायचं, दुसरीकडून रक्त मागवायचं. आमच्या घरांवर आळ घेताना बरी जीभ रेटली तुमची?"

नर्सने तोवर पलीकडच्या रुग्णालयाला फोन लावला होता. तिकडून तपासलेली पिशवी आली आणि चिमणीच्या ओठांवर हळूहळू रंग चढू लागला.

"ताई, तुला झालंय त्याचं काय?" चिमणीने विचारलं.

"औषध आहे त्यावर. बरी होईन. पण या डॉक्टरांची पाठ सोडणार नाही."

पेढीत तंत्रज्ञाने लाल बुचाच्या कुपीचं सील फोडलं होतं आणि सगळ्या पिशव्यांचे नमुने हाताने तपासायला घेतले होते. दुपार कलली तशी प्लेट तयार झाली. ताईने डॉक्टरांनाही जवळ बोलावलं.

पहिला खळगा पिवळाधमक झाला. तो व्हायलाच हवा होता.

मग खालच्या रांगेत आणखी एक. तंत्रज्ञाने पिशवीचा क्रमांक दोनदा पडताळला आणि मान वर न करता म्हणाला, "ही चिमणीला लावलेली. तुम्ही थांबवलेली."

ताईने प्लेट उचलून डॉक्टरांच्या नाकासमोर धरली.

"नीट बघून घ्या, डॉक्टर. तपासणी अशी दिसते."