वरच्या वाडीची मोजणी

शिरगणतीसाठी पूर्वी माणसं दारोदार फिरायची, हे सांगितलं तर २०६८ सालची मुलं हसत. आता ते काम पूरकगणना नावाची यंत्रणा करी. नळाचं पाणी, दुकानातली खरेदी, रक्ताचे नमुने, फोनवरचे निरोप असे माणसांचे माग ती गोळा करी, आणि माग तुटला की आसपासच्या सरासरीवरून तिथे माणूस भरून काढी. त्याला नाव देई, वय देई, लग्न लावी, मुलंबाळंही देई. अशा भरलेल्या माणसांना पूरकजन म्हणत. कोष्टकात ते खऱ्यांहून वेगळे ओळखू येत नसत. त्या शास्त्राची करामत ती हीच.

डॉ. सुलभा आंबेरकरांना त्या करामतीचा भरवसा वाटत नव्हता. पुण्यात बसून चाळीस वर्षं त्यांनी चीनमधल्या जुन्या वंशावळ्या वाचल्या होत्या. त्यांत मुलगे ओळीने मांडलेले असत आणि मुली गायब. नाव ठेवण्याआधी गेलेल्या बाळांची तर खूणही नसे. "वही काय सांगते ते कुणीही वाचेल, ती काय गिळते ते बघा," असं त्या विद्यार्थ्यांना सांगत. म्हणूनच चीनच्या फूच्येन प्रांतातल्या शीखंग गावाची कोष्टकं तपासायला त्यांना बोलावलं, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

"फारच स्वच्छ आहेत," त्या लिन क्वोहुआंना म्हणाल्या. लिन तिथल्या कचेरीतले नोंदणी अधिकारी. पन्नाशीचा, नम्र, जपून बोलणारा माणूस.

"स्वच्छ असणं वाईट का, मॅडम?"

"आमच्याकडे वय विचारलं की लोक म्हणत, असेल चाळीस-पन्नास. तुमच्याकडे माणूस जन्मसाल विसरत नाही, कारण साल प्राण्याचं असतं. उंदराचं, वाघाचं, सशाचं."

"आणि ड्रॅगनचं सगळ्यांत शुभ. मूल व्हायला माझी बायको त्या सालासाठी दोन वर्षं थांबली."

"अशा पुष्कळ थांबतात. म्हणून दर बारा वर्षांनी पोरांची गर्दी होते. खालच्या वाडीत ती दिसते. वरच्या वाडीत एकशे साठ माणसं, आणि सगळी सालं सारखी! सरासरीला शुभ-अशुभ कळत नाही, लिनसाहेब. वर कोणी राहतं ना?"

लिन कपाचं झाकण फिरवत राहिले. "कोष्टक म्हणतं, राहतात."

"आणि तुम्ही?"

"एवढ्या लोकसंख्येवर गावाचा दवाखाना टिकून आहे, मॅडम. मी काही म्हणत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुलभाबाई एकट्या चढण चढून वर गेल्या. अडतीस घरं त्यांनी मोजली. कुलपं गंजलेली, उंबऱ्यांत बांबूचे कोंब फुटलेले. एकोणचाळिसाव्या घरातून मात्र धूर येत होता. दारात एक म्हातारी मुळ्याच्या चकत्या वाळत घालत होती. तिचं नाव छ्यू लान, वय चौऱ्याहत्तर. झऱ्याचं पाणी, परसातली भाजी, फोन नाही. तिचा मागच उमटत नव्हता.

"दवाखान्यात गेले तर पडद्यावर माझं नावच येत नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली, रक्तदाबाच्या गोळ्या बंद. परिचारिका म्हणते, मावशी, तुम्ही नाहीच आहात."

म्हणजे वाडीत नोंदलेली एकशे साठ माणसं नव्हती, आणि होती तिची नोंद नव्हती. सुलभाबाई तशाच खाली उतरल्या.

"एक नाव वाढवा," त्यांनी लिनना सांगितलं.

"नुसतं वाढवता येत नाही. कारण लिहावं लागतं. वाडी खोटी आहे, ती कशावरून खोटी, हे सगळं." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "लिहिलेलं सगळं पूरकगणना वाचते, मॅडम. वाचते आणि सुधारते. खरंखोटं ओळखायची ही एकच खूण तुमच्या हाती आहे, ती सांगितलीत की तीही भरून काढेल. नीट विचार करा."

त्यांनी रात्र विचारात घालवली. गोळ्यांवाचून म्हातारी किती काढणार? सकाळी त्यांनी अहवाल लिहून दिला.

आठवड्यात छ्यू लानला गोळ्या मिळाल्या. वर्षभराने सुलभाबाई परत आल्या तेव्हा वरच्या वाडीत एकशे चौसष्ट माणसं होती, आणि ड्रॅगनच्या प्रत्येक सालाला पोरांची झकास गर्दी. लिननी कागद पुढे केला. छ्यू लानच्या नावाखाली एक नवी ओळ होती. मुलगी, जन्म २०२४, पुढे नाव आणि पत्ता.

कागद घेऊन त्या तडक वर गेल्या.

"मावशी, तुमच्या नावावर त्यांनी एक मुलगी चढवलीय. यंत्राची चूक आहे. मी आजच खोडायला सांगते."

म्हातारी मुळ्याच्या चकत्या पसरत होती, तिने मान वर केली. "कोणत्या सालची?"

"ड्रॅगनच्या."

तिने चकत्यांचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "झाली होती मला. तीन दिवसांची असताना सासूनं उचलून नेली. मेली म्हणाली. मी बघितलं नाही, बाई. विचारलंही नाही. त्या घरात विचारायची सोय नव्हती."

सुलभाबाईंनी कागदावरची ओळ पुन्हा वाचली. यंत्राने ही मुलगी सरासरीतून घडवली होती, की कुठल्यातरी शहरात तपासलेल्या रक्तातून खरोखर शोधून काढली होती? वर्षापूर्वी त्यांनी छातीठोकपणे सांगितलं असतं. आता सांगता येणार नव्हतं, त्यांनाही नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही.

"काय नाव लिहिलंय?" छ्यू लानने विचारलं.

"मेइ-श्यांग. च्वानचौ शहरात असते. दोन मुलं आहेत." 'असं लिहिलंय' हे शब्द त्यांच्या ओठांवरच राहिले.

म्हातारीने हात अंगरख्याला पुसले, घरात गेली आणि बाहेर जायचे बूट घेऊन आली. उंबऱ्यात बसून नाड्या बांधता बांधता म्हणाली,

"पत्ता वाचून दाखवा, बाई. सावकाश वाचा, मला पाठ करायचाय."